पीआरवाल्यांनी लॉबिस्ट म्हणून नोंदणी करायची का?

प्रश्न : मी पणजीत पीआर एजन्सीत काम करते. एका बिल्डर क्लायंटला बार्देशातली ऑर्चर्ड (बागायती) झोनमधली जमीन सेटलमेंट, म्हणजे घरं बांधता येतील अशा झोनमध्ये करून हवीय. मी प्रेसनोट काढते, संपादकांना भेटते, जमलं तर बाजूने अग्रलेख यावा म्हणून प्रयत्न करते. न्यूयॉर्कमध्ये म्हणे हे सगळं लॉबिंग, म्हणजे क्लायंटसाठी सरकारी निर्णयावर वजन टाकणं, धरलं. आपल्याकडेपण असा कायदा यावा का? - एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, तुम्ही ऐकलंय ते खरंय. जानेवारी 2016 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या एथिक्स कमिशनने मत दिलं की एखाद्या कायद्यावर क्लायंटच्या बाजूने अग्रलेख यावा म्हणून पीआरवाला संपादक मंडळाशी बोलला तर तेही लॉबिंग, आणि मग पीआर कंपन्या थेट कोर्टात गेल्या, आणि माझ्या मते बरोबरच गेल्या, कारण कुठल्या पत्रकाराशी काय बोललात ते सरकारदरबारी लिहून द्यायचं म्हटलं की उद्या माहिती द्यायला कोण पुढे येणार? ब्रिटनचा 2014 चा कायदा उलट फारच तोकडा, तिथे मंत्री आणि वरिष्ठ सचिवांशी क्लायंटसाठी बोलणारा बाहेरचा कन्सल्टंट तेवढा रजिस्टरवर येतो, कंपनीचा पगारी माणूस सुटतो.

आपल्याकडे लॉबिंगवर वेगळा कायदाच नाही. 2010 ला लॉबिस्ट नीरा राडियाच्या फोनवरच्या बोलण्याच्या टेप्सवरून एवढा गदारोळ झाला तरी नाही. तेव्हा आज तुम्हाला नोंदणी कुठे करायची हा प्रश्नच येत नाही.

पण कायदा यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. पर्वरीला सचिवालयात मंत्र्याला कोण भेटलं, कुणासाठी, कुठल्या फाइलवर, हे लोकांना बघायला मिळालंच पाहिजे, बिल्डर स्वतः गेला काय नि एजन्सी गेली काय. पत्रकारांशी बोलणं मात्र त्यातून बाहेर ठेवा. पैसे देऊन बातमी छापून आणणं ही वेगळीच गोष्ट, त्याला माफी नको.

आता तुम्ही विचारलं नाही तेपण सांगतो. गोव्याच्या टीसीपी (नगर आणि ग्राम नियोजन) कायद्याच्या 39अ कलमाखाली झोन बदलायचा प्रस्ताव आला की हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. गावातल्या सामान्य माणसाच्या हातात तेवढंच असतं. त्याच दिवसांत एजन्सीने एकच मजकूर टाइप करायचा, "आम्ही ग्रामस्थ या विकासाचं स्वागत करतो", खाली पाच-सहा जणांच्या सह्या घ्यायच्या आणि ते वाचकांची पत्रं म्हणून पेपरांना पाठवायचं, असलं काम सांगितलं तर सरळ नाही म्हणा. संपादकाला निदान माहीत असतं की तुम्ही बिल्डरतर्फे आलाय, वाचकाला ते पत्र वाचताना कसं कळणार? कॅनडात लोकांना असं उठवून सरकारवर दबाव आणायला लावणंसुद्धा लॉबिंगच्या कायद्यात येतं, आणि आपण त्यांच्याकडून काही घ्यायचं तर आधी हे घ्यावं.

तोवर प्रेसनोटवर क्लायंटचं नाव वरच, ठळक छापा. त्याला ते नको असेल तर का नको ते आधी त्यालाच विचारा.