वाचकांचे प्रश्न : टेबल टेनिसच्या रॅकेटच्या हलक्या ब्लेडवर (म्हणजे रबराखालच्या लाकडी भागावर) कोणते रबर लावावे?

प्रश्न : माझे वय 54 आहे. खांदा दुखू लागल्यामुळे मी 89 ग्रॅमचे कार्बन ब्लेड (लाकडात कार्बनचे थर असलेले) बाजूला ठेवून 75 ग्रॅमचे पाच थरांचे लाकडी ब्लेड घेतले आणि जुनीच रबरे त्यावर चिकटवली. फोरहँडला चिकट पृष्ठभागाचे कडक चिनी रबर आहे, बॅकहँडला जाड स्पंजाचे (स्पंज म्हणजे रबराखालचा थर) जर्मन टेन्सर, म्हणजे ताण दिलेले उसळीदार रबर. रॅकेट अजूनही जड लागते आणि माझे टॉपस्पिनचे (पुढच्या दिशेने फिरकी दिलेले) चेंडू जाळीत जातात. ब्लेडची निवड चुकली का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ब्लेडला दोष देण्याआधी रबरे काट्यावर ठेवून पाहा. ब्लेडच्या आकारात कापलेले कडक चिनी रबर 50 ग्रॅमच्या आसपास भरते आणि जाड स्पंजाचे टेन्सरही 46-48 ग्रॅमच्या घरात असते, त्यामुळे गोंद धरून तुमची रॅकेट 175 ग्रॅमपर्यंत गेलेली असणार. त्यातही ब्लेडचे जे 14 ग्रॅम वाचले, त्यांतले काही मुठीकडचे होते. रबरांचे वजन मात्र सगळे पात्यावरच (चेंडू लागतो त्या रुंद भागावर) असते. हातोडा दांड्याच्या टोकाला धरला की जड आणि डोक्याजवळ धरला की हलका लागतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच काट्यावर दिसणारी घट मनगटाला आणि खांद्याला तेवढी जाणवत नाही. रॅकेट एका बोटावर आडवी तोलून पाहिलीत, तर तोल पूर्वीपेक्षा पात्याकडे सरकलेला आढळेल.

चेंडू जाळीत जाण्याचे कारण वेगळे आहे. कडक स्पंज दाबला गेला तरच चेंडूला उसळी देतो, आणि तो दाबण्यासाठी एकतर ब्लेडमध्ये वजन हवे किंवा फटक्यात पाय आणि कंबरेसकट पूर्ण अंगाचा जोर हवा. चीनचे खेळाडू अशी रबरे वापरतात ती या दोन्ही गोष्टी जवळ असल्यामुळे. हलक्या लाकडावर, आखूड फटक्यात, स्पंज पुरेसा दबत नाही आणि चिकट पृष्ठभाग चेंडूला फिरकी देतो खरा, पण पुढे ढकलत नाही. (चिनी पाकिटावरचे कडकपणाचे 39 किंवा 40 अंश पाहून त्याला मऊ समजू नका, ती मोजपट्टीच निराळी आहे, आणि जर्मन मापाने तोच स्पंज बराच कडक ठरतो.)

माझा सल्ला असा की, फोरहँडला जर्मन मापाने 40 ते 43 अंशांचा आणि 1.8 ते 2.0 मिलिमीटर जाडीचा स्पंज असलेले रबर लावावे. यासाका मार्क फाइव्ह किंवा बटरफ्लाय स्रायव्हर ही रबरे जुनी झाली म्हणून अनेकजण नाक मुरडतात, पण हलक्या पूर्ण लाकडी ब्लेडवर ती आजही फार छान जमतात, कारण मध्यम वेगाच्या फटक्यातही ती चेंडू धरून ठेवतात. बॅकहँडला टेन्सरच हवे असेल, तर त्याच प्रकारातले मऊ स्पंजाचे आणि एक पायरी पातळ घ्या. दोन्ही बाजूंचे मिळून दहाएक ग्रॅम कमी होतील आणि तेही नेमके पात्यावरचे.

यात काही गमवावेही लागते. 2.7 ग्रॅमचा चेंडू जोरदार फिरकी घेऊन आला आणि पात्याच्या कडेजवळ लागला, तर हलकी रॅकेट हातात किंचित वळते आणि ब्लॉक (फटका न मारता रॅकेट धरून अडवलेला चेंडू) वर उडतो. तेव्हा नुसता हात धरून ब्लॉक न करता चेंडू उसळताच थोडे पुढे जाऊन अडवा. टेबलापासून मागे सरून जोरात मारण्याचा खेळ मात्र या रॅकेटवर होणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी 11 वर्षांची आहे. तिचे ब्लेड हलके, पूर्ण लाकडी आहे. प्रशिक्षक बॅकहँडला बिनस्पंजाचे लाँग पिंपल (लांब दाण्यांचे रबर) लावायला सांगतात. ते योग्य होईल का? (एक पालक, ठाणे)

उत्तर : ब्लेडच्या दृष्टीने जोडी चांगली आहे. लांब दाणे वाकतात आणि समोरच्याची फिरकी बरीचशी तशीच परत जाते. मागे स्पंज नसल्यामुळे चेंडू जवळजवळ लाकडावरच आदळतो, आणि ताठ कार्बनपेक्षा मऊ लाकडावर तो टेबलात ठेवणे सोपे जाते. असे रबर नेहमीच्या रबराच्या निम्म्याहूनही कमी वजनाचे असल्याने रॅकेट हातात फिरवून बाजू बदलणेही सहज जमते. 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मनिका बत्राने महिला एकेरीचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा तिच्या बॅकहँडला लांब दाण्यांचेच रबर होते.

माझी हरकत आहे ती वयाबद्दल. बॅकहँडचा साधा टॉपस्पिन अंगवळणी पडण्याआधी दाणे लावले, तर मुले त्यांच्या आड लपायला शिकतात. तिचा तो फटका पक्का झाला आहे का, एवढे प्रशिक्षकांना स्पष्ट विचारा.

प्रश्न : रबर काढताना हलक्या ब्लेडचे लाकूड सोलून निघाले. काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मऊ लाकडाचे वरचे थर पाण्यावर आधारित गोंदाबरोबर उचलले जातात. नवे ब्लेड असेल, तर गोंद लावण्याआधी पातळ वॉर्निशचा एकच हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. जाड थराने ब्लेडचा स्पर्श बदलतो. रबर काढताना ते पात्याला समांतर दुमडून सावकाश ओढा, आणि तंतू उचलू लागले, तर तिथेच थांबून दुसऱ्या बाजूने सुरुवात करा.