ट्रॅफिक ग्रूमिंग शिकायला लागलायस, तर आधी सात ठिकाणं घे

ग्रूमिंग म्हणजे फायबर नेटवर्कमधला बारका बारका ट्रॅफिक एकत्र करून एका वेव्हलेंग्थवर (प्रकाशाच्या एका रंगावर) भरणं. अरे पहिल्यांदा रिसर्च पेपरं वाचत बसू नको, डोकं फिरतंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी, गोकाक अशी सात ठिकाणं एका फायबर रिंगवर आहेत असं नुसतं मनात धर आणि कागदावर ठिपके काढ. प्रत्येक जोडीमध्ये सारखाच ट्रॅफिक, म्हणजे 21 रेघा.

रिंग एकदिशा (ट्रॅफिक एकाच बाजूनं फिरतो), एका वेव्हलेंग्थमध्ये तीन जोड्या बसतात असं धर. आता तीन रेघांचा त्रिकोण केलास की तीनच ठिकाणी एडीएम (वेव्हलेंग्थवर ट्रॅफिक चढवायचं-उतरवायचं यंत्र) लागतो, तेच तीन रेघा सुट्ट्या असल्या तर सहा! सातांचे बरोबर 7 त्रिकोण पडतात, एकही रेघ डबल न होता. एकूण 21 एडीएम, प्रत्येक जोडीला वेगळी वेव्हलेंग्थ दिली असतीस तर 42. हे एकदा हातानं कर, मग कळतंय.

नवीन पोरं दोन ठिकाणी हमखास चुकतात बघ:
- फायबरची रिंगच तोडत बसतात. तोडायचा तो ट्रॅफिकचा ग्राफ, म्हणजे कागदावरचे ते ठिपके-रेघा रे! (मी पण एक अख्खा आठवडा घालवलाय ह्यात.)
- वेव्हलेंग्थ कमी केल्या म्हणजे खर्च कमी झाला असं समजतात. पैसा एडीएममध्ये जातोय, आणि दोन्ही एकदम कमी होतीलच असं नाही.

आठ ठिकाणांचे असे त्रिकोण पडत नाहीत, का ते तूच शोध. असमान ट्रॅफिक नंतर बघू.