क्लोरीनचं पाणी आणि पोटातलं बाळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मला तिसरा महिना सुरू आहे. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो. बाळाला अपाय होईल का?

वासाला घाबरू नका. तो शिल्लक क्लोरीनचा असतो, आणि नळापर्यंत येताना पाणी जंतूंपासून राखलं गेल्याची ती खूण आहे. काळजी आहे ती वेगळ्या पदार्थांची. नदी-तलावाच्या पाण्यात कुजलेल्या पानापाचोळ्याचे सेंद्रिय अंश असतात. क्लोरीनचा त्यांच्याशी संयोग झाला की ट्रायहॅलोमिथेन, हॅलोॲसिटिक आम्लं असे उपपदार्थ तयार होतात. 1974 मध्ये ही गोष्ट उजेडात आली. नळाच्या पाण्यात ट्रायहॅलोमिथेन इतकं कमी असतं की नाकाला ते कळत नाही, म्हणून वासावरून अंदाज बांधू नका.

प्रश्न : प्राण्यांच्या गर्भात विकृती दिसल्याचं वाचलं. मग माणसांचं काय?

उंदरांचे आणि घुशींसारख्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांचे कोवळे गर्भ फिरत्या बाटल्यांमध्ये, रक्तद्रवात काही काळ वाढवता येतात. सूक्ष्मदर्शकाखाली इवलंसं हृदय धडधडताना दिसतं. त्या द्रवात हॅलोॲसिटिक आम्लं मिसळली, की मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात ती नळी नीट मिटत नाही. हृदयाच्या घडणीतही दोष दिसतात. माणसात ही नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. कित्येक बायकांना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं, म्हणून ही शंका मला हलक्यात घेता येत नाही.

मात्र त्या प्रयोगांतली मात्रा बहुधा नळाच्या पाण्यातल्या प्रमाणाच्या हजारो पट असते. शिवाय ब्रोमोडायक्लोरोमिथेन (ट्रायहॅलोमिथेनचाच एक प्रकार) दिल्यावर मोठ्या उंदरांच्या एका वाणात कित्येक माद्यांचे सगळे गर्भ गळून गेले, दुसऱ्या वाणात तसं झालं नाही. वाण बदलला की निकाल बदलतो, तर माणसाबद्दल थेट निष्कर्ष कसा काढायचा?

माणसांवरच्या अभ्यासांतही एकवाक्यता नाही. कॅलिफोर्नियातल्या 1998 च्या अभ्यासात, लिटरला 75 मायक्रोग्रॅम किंवा जास्त ट्रायहॅलोमिथेन असलेलं गार नळाचं पाणी रोज पाच किंवा अधिक ग्लास पिणाऱ्यांत गर्भपात 15.7 टक्के होते, इतरांत 9.5 टक्के. अमेरिकेतच तीन ठिकाणी झालेल्या 2006 च्या अभ्यासाने मात्र याला एकंदरीत दुजोरा दिला नाही. माझं मत असं : धोका असलाच तर लहान आहे, पण टाळता येण्यासारखा आहे.

प्रश्न : पाणी उकळलं तर हे पदार्थ जातात का? फिल्टर कोणता घ्यावा?

झाकण न ठेवता उकळलं तर ट्रायहॅलोमिथेन बरंचसं उडून जातं. हॅलोॲसिटिक आम्लं तशी उडत नाहीत. दोन्हींसाठी ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर कामाचा, पण त्याचं कार्ट्रिज वेळेवर बदलायला हवं. जुन्या कार्बनची शोषून घेण्याची ताकद संपते आणि त्यावर जंतूही वाढतात. नुसता यूव्ही दिवा जंतू मारतो, आधीच तयार झालेले उपपदार्थ काढत नाही.

प्रश्न : आंघोळ, पोहणं चालेल का?

चालेल. ट्रायहॅलोमिथेन वाफेबरोबर श्वासातून आणि त्वचेतूनही शरीरात जातं, म्हणून न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवा आणि फार गरम पाण्याखाली फार वेळ उभं राहू नका. पोहायला हवेशीर तलाव निवडा.

प्रश्न : मग क्लोरीन न घातलेलं विहिरीचं पाणी प्यावं का?

अजिबात नको, हे मी कळकळीने सांगते. मैला मिसळलेल्या पाण्यातून हिपॅटायटिस ई पसरतो. शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर 20 ते 25 टक्के स्त्रिया दगावू शकतात. उपपदार्थांच्या कुठल्याही अभ्यासात याच्या जवळपास जाणारा धोका दिसलेला नाही. उपपदार्थ कमी करण्याचं खरं काम जलशुद्धीकरण केंद्रात व्हायला हवं : तुरटी टाकून आणि गाळून सेंद्रिय अंश आधी काढायचे, क्लोरीन नंतर घालायचं. अमेरिकेत एकूण ट्रायहॅलोमिथेनची मर्यादा लिटरला 80 मायक्रोग्रॅम आणि पाच हॅलोॲसिटिक आम्लांची मिळून 60 आहे. तुमच्या पाणीपुरवठा विभागाकडे हे दोन आकडे लेखी मागा, आणि पाणी गढूळ येतं त्या दिवसांतले आवर्जून मागा.