बॅटरीचा कप्पा आहे, बॅटरी कुठाय?

प्रश्न : नव्या कॅराव्हॅनच्या (मोटारीमागे जोडून ओढायच्या फिरत्या घराच्या) जाहिरातीतली किंमत आणि हातात पडलेलं कोटेशन यांत बराच फरक आहे. ‘ऐच्छिक’ म्हणून लावलेल्या गोष्टी खरंच टाळता येतात का?

उत्तर : काही येतात, बऱ्याच नाही. कारखान्यापासूनची वाहतूक, ताब्याआधीची तपासणी आणि कागदपत्रं यांचा खर्च अनेकदा मूळ किमतीत धरलेला नसतो, आणि तो चुकत नाही. बॅटरीचंही तेच. कप्पा तयार असतो, आत काही नसतं. बाहेरची वीज नसलेल्या मुक्कामी बॅटरीविना पाण्याचा पंपही चालणार नाही. वीजजोडणीची केबल, गॅस सिलिंडर, सांडपाण्याची टाकी हेही विचारून घ्या. ‘पॅक’ ही तर खास युक्ती : हवी असते एक खिडकी, सोबत नको असलेल्या चार वस्तू गळ्यात पडतात.

पैशांइतकंच वजन तपासा, इथेच बरेचजण फसतात. समजा, कमाल अनुज्ञेय वजन, म्हणजे सामानासकट चालणारं जास्तीत जास्त वजन, १५०० किलो आणि रिकाम्या कॅराव्हॅनचं १३५० किलो. सामानाला उरले १५०. त्यातून मोटर मूव्हरचे (मोटारीविना कॅराव्हॅन जागेवर हलवणाऱ्या यंत्राचे) ३०, बॅटरीचे २५, तंबूचे २० वजा करा. कपडे, भांडी, खाणं मिळून ७५ किलोंत बसवायचं! मात्र काही उत्पादक रिकाम्या वजनात थोडं पाणी आणि गॅस धरतात, काही धरत नाहीत, तेही विचारा.

सही करण्याआधी ताब्यापर्यंतची एकूण रक्कम आणि प्रत्येक जादा वस्तूपुढे तिचं वजन लेखी मागा.