मिटणं आणि ‘मिटिगेट’

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही दोनदा वाचली. पंधरा दिवसांत तीनशे इंग्रजी शब्द, प्रत्येकापुढे व्याख्या, खाली एक वाक्य. अक्षर देखणं आहे. वाक्यं मात्र बिनकामाची.

‘टेनेशस’खाली तू लिहिलंस, ‘माय अंकल इज टेनेशस.’ आता तो शब्द खोडून तिथं ‘टॉल’ घाल. चाललं ना? म्हणजे वाक्यानं अर्थ धरलाच नाही. त्यापेक्षा, बँकेनं तीनदा कर्ज नाकारलं तरी काका चौथ्यांदा अर्ज घेऊन गेले, असं लिही. तिथं ‘टॉल’ बसवून दाखव बरं! आणि टेनेशस म्हणजे हट्टी नव्हे, चिवट. हट्टीला ‘स्टबर्न’ आहे, त्यात बोल लावणं येतं.

‘मिटिगेट’ला तर आपल्या मराठी कानानंच तुला फसवलं. ‘मिटवणे’ म्हणे! नळाला चार-चार दिवस पाणी नसतं, गल्लीत टँकर येतो, तेव्हा टंचाई मिटते का? झळ तेवढी कमी होते. हेच मिटिगेट. मूळ लॅटिन शब्दातही मऊ करणंच आहे.

‘एफेमरल’साठी आपल्या सोलापूरची गड्डा यात्रा घे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ एका दिवसापुरतं. संक्रांतीला होम मैदानावर पाय ठेवायला जागा नसते, आणि यात्रा उठली की उरतात पाळण्यांच्या खुंट्यांचे खड्डे.

हसू नकोस, पण पहिल्या नोकरीच्या अर्जात मी ‘सोलापूर इज नोटोरियस फॉर चादर्स’ असं लिहिलं होतं. व्याख्या उतरवताना ‘प्रसिद्ध’ घेतलं, ‘वाईट कारणासाठी’ गाळलं. मुलाखतीत साहेबांनी शांतपणे विचारलं, ‘चादरींनी काय गुन्हा केला?’ तेव्हापासून व्याख्या शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची सवय लागली.

मोबाइलवरचं एका शब्दाचं मराठी भाषांतर पुरे समजू नकोस. लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश, बघ. हॉर्न्बी या इंग्रज शिक्षकाचा असा कोश १९४२ साली जपानमध्ये निघाला, तिथल्या विद्यार्थ्यांसाठी. इंग्रजी घरात न बोलणाऱ्यांना काय अडतं, ते त्याला शिकवताना कळलं होतं. अशा कोशात शब्द कोणाच्या जोडीनं येतो तेही दिसतं, आणि माझ्या मते तेच व्याख्येहून मोलाचं.

दिवसाला पाचच शब्द कर. रविवारी येशील तेव्हा काकांचं वाक्य इंग्रजीत लिहून आण. आईला सांग, शेंगाचटणी संपली.

तुझी,
मावशी