झाकारपात्त्याला खरंच हंगेरीत जायचंय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : युक्रेनचा झाकारपात्त्या प्रांत हंगेरीत जायला निघालाय, १९९१ मध्ये तसं मतदानही झालं होतं म्हणे, खरं का? मी २०१३ ते २०१९ तिथे, उझहोरोदला, एमबीबीएस करत होतो. उत्तर जरा लांबेल.

आधी मतदान. १ डिसेंबर १९९१ ला युक्रेनच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झालं, त्यात या प्रांतातले ९२ टक्क्यांहून जास्त लोक ‘हो’ म्हणाले. त्याच दिवशी इथे आणखी एक प्रश्न होता : स्वतंत्र युक्रेनच्या आत प्रांताला स्वशासनाचा खास दर्जा हवा का? ७८ टक्के ‘हो’. बेरेहोवे तालुक्यात हंगेरियन स्वायत्त जिल्ह्याचाही प्रश्न होता, तिथे ८१ टक्के. हंगेरीत जायचं का, हे कोणी विचारलंच नव्हतं. स्वातंत्र्याचा कौल कीव्हनं घेतला आणि बाकीचे दोन बासनात बांधून ठेवले. नाराजी आहे ती याची.

नावातच गंमत आहे. झाकारपात्त्या म्हणजे ‘कार्पेथियनच्या पलीकडे’. पलीकडे कुठून पाहता, तर कीव्हकडून. हंगेरियन लोक त्याच मुलखाला ‘कार्पेथियनचा पायथा’ म्हणतात, कारण बुडापेस्टकडून येताना डोंगर नंतर लागतो.

बेरेहोवेला मित्राकडे जायचो, तिथल्या घरमालकीणबाई हंगेरियन. त्यांनी एकदा चारला जेवायला बोलावलं. मी चारला हजर, तर बाई अजून कांदाच चिरतायत! तिथले हंगेरियन घरात मध्य युरोपची वेळ पाळतात, कीव्हपेक्षा एक तास मागे. शाळा, बस, कचेरी कीव्हच्या वेळेवर. त्यामुळे वेळ ठरवताना ‘आपली की कीव्हची?’ हे विचारायचंच, हे त्या दिवशी कळलं. बाईंची आई खिडकीशी बसून हसत होती. जन्म चेकोस्लोव्हाकियातला. १९३८ च्या नोव्हेंबरात गाव हंगेरीत गेलं, १९४५ मध्ये सोव्हिएत युनियनमध्ये, १९९१ पासून युक्रेन. आजीनं घर एकदाही बदललं नव्हतं.

त्या उलथापालथीत, १५ मार्च १९३९ ला, खुस्त गावी ‘कार्पाथो-युक्रेन’ हे स्वतंत्र राष्ट्रही जाहीर झालं. राष्ट्राध्यक्ष अवगुस्तिन वोलोशिन, पेशानं धर्मगुरू. हंगेरियन फौजेनं ते एक-दोन दिवसांतच संपवलं. म्हणूनच ‘हंगेरी’ म्हटलं की इथल्या युक्रेनियन माणसाला १९३९ आठवतं.

आता आकडे. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेबारा लाख, त्यात हंगेरियन १२ टक्के, तेही मुख्यतः सीमेलगतच्या पट्ट्यात. युक्रेनियन ८० टक्के. म्हणजे प्रांत हंगेरियन नाहीच. आणि त्या ८० टक्क्यांत रुसिनही, म्हणजे इथलेच युक्रेनियनच्या जवळची भाषा बोलणारे स्लाव्ह लोक, मोजलेत. रुसिन ही भाषा की युक्रेनियनची बोली, हा वाद मराठी-कोकणीचं भांडण ऐकलेल्यांना समजावून सांगायला नको. स्लोव्हाकियात १९९५ मध्ये तिची प्रमाणभाषा ठरली, सर्बियाच्या वोइवोदिनात तिला अधिकृत दर्जा आहे, आणि इथे, जिथे रुसिन मुळात सगळ्यात जास्त, तिथे कीव्ह तिला बोलीच मानतं. २००७ मध्ये प्रांतिक परिषदेनं रुसिनांना वेगळी राष्ट्रीयता म्हणून मान्यता दिली. कीव्हनं दिली नाही.

माझ्या काळात खरा भडका उडाला तो २०१७ च्या शिक्षण कायद्यानं. अल्पसंख्याकांना मातृभाषेतून शिक्षण प्राथमिक शाळेपर्यंत, पुढे बहुतेक विषय युक्रेनियनमधून. मला विचाराल तर दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर होत्या. हंगेरियन शाळेतून अकरा वर्षं काढून बाहेर पडलेल्या पोराला पोस्टात धड युक्रेनियन बोलता यायचं नाही, हे मी पाहिलंय. पण ती भाषा त्याला परकी भाषा म्हणून, सोप्या पुस्तकांतून कोणी शिकवलीच नव्हती. शिवाय कायद्याचा रोख रशियनवर होता, हंगेरियन मधल्या मध्ये भरडले गेले. बुडापेस्टनं मग नाटो आणि युक्रेनच्या बैठका अडवायला सुरुवात केली, त्यानं बेरेहोवेतल्या शाळांचं काय भलं झालं ते मला अजून कळलेलं नाही. युरोपीय संघाच्या दारात उभं राहिल्यावर, डिसेंबर २०२३ मध्ये, युक्रेननं संघातल्या भाषांपुरता कायदा बराच सैल केला.

फुटीरतेची बातमी करायला टपलेलेही असतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये उझहोरोदच्या हंगेरियन सांस्कृतिक संघटनेच्या कचेरीला आग लावायचा प्रयत्न झाला. सगळ्यांचं बोट युक्रेनियन कट्टरांकडे. पकडले गेले ते निघाले पोलंडचे नागरिक.

हंगेरियन पासपोर्ट मात्र घरोघरी आहेत. २०११ पासून सोप्या अटींवर मिळायला लागले, आणि ते काढण्यामागे देशप्रेमापेक्षा पगार जास्त. घरमालकीणबाईंचा जावई त्याच पासपोर्टावर हंगेरीत गाड्यांच्या कारखान्यात लागला. त्यांचा धाकटा मुलगा मुकाचेवोच्या १२८ व्या पर्वतीय ब्रिगेडमध्ये आहे, युक्रेनच्या सैन्यात. आईला फोन करतो तो हंगेरियनमध्येच.