डेलावेअर नदीच्या अलीकडे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. ग्रीन कार्ड हातात पडून महिना झाला नाही तोच विचारतोस, ‘काका, पिस्तूल बाळगायचा नॉन-रेसिडेंट, म्हणजे परराज्याचा, परवाना युटाचा काढू की फ्लोरिडाचा?’ फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हो हो’ म्हणतोस आणि या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देतोस. म्हणून लिहितोय. सावकाश वाच.

ग्रीन कार्ड आल्यावर विचारलंस हे बरं केलंस. आपल्यातल्या पुष्कळांना अजून ठाऊक नाही की १९९८ पासून एच-वन, एफ-वन, एल-वन अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला पिस्तूल किंवा गोळ्या जवळ बाळगायला केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. शिकारीचं लायसन्स असण्यासारखे थोडे अपवाद सोडले तर नेमबाजीच्या रेंजवर भाड्यानं घेतलेली बंदूक हातात धरणं हासुद्धा ताबाच. तुझ्या ऑफिसातली पोरं शनिवारी रेंजवर जाऊन फोटो टाकतात ना, त्यांना हे एकदा सांग. आणि ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. बंदुकीच्या कायद्याखाली दोषी ठरलास तर तेवढ्यावर तुला देशाबाहेर काढता येतं. शेजारचा जॉन चुकला तर वकिलाची फी भरेल. तू चुकलास तर घर, नोकरी, पोरीची शाळा, सगळं पणाला लागतं.

आता परवान्याचं. तू राहतोस पेनसिल्व्हेनियात, तेव्हा पहिला परवाना पेनसिल्व्हेनियाचाच. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफच्या ऑफिसात अर्ज करायचा. वय २१ पूर्ण हवं, फी वीस डॉलरच्या आसपास, निर्णय ४५ दिवसांत, मुदत पाच वर्षं. प्रशिक्षणाची अट नाही, आणि ती नाही हे मला आजही पटत नाही. संदर्भासाठी दोन नावं द्यावी लागतात, त्यांत घरचं माणूस चालत नाही. एक माझं घाल. मी नावाचाच काका, त्यामुळे अडचण नाही.

हा पहिला टप्पा गाळून थेट फ्लोरिडाचा कागद मागवायची युक्ती इथे एकेकाळी जोरात होती. फिलाडेल्फियात परवाना नाकारला की माणसं टपालानं फ्लोरिडाचा मागवत आणि त्यावर फिलाडेल्फियातच पिस्तूल बाळगत. २०१३ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरल कॅथलीन केन यांनी ते दार बंद केलं. तेव्हापासून फ्लोरिडाचा परवाना इथे चालतो तो फक्त फ्लोरिडात राहणाऱ्याचा. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ पाहून तू त्याच युक्तीच्या मागे लागला असशील, अशी मला शंका आहे.

मग परराज्याचा परवाना हवा कशाला? याचं सगळ्यात सोपं उदाहरण व्हरमाँटचं. त्या राज्यात परवाना लागत नाही, म्हणून ते राज्य परवाना देतही नाही. आता तिथल्या माणसाला शेजारच्या राज्यात पिस्तूल न्यायचं तर दाखवायला कागद कुठून आणणार? तो युटाचा किंवा फ्लोरिडाचा काढतो. आपलं दुखणं वेगळं. डेलावेअर राज्य अर्ध्या तासावर, पण पेनसिल्व्हेनियाचा परवाना तिथे मानत नाहीत. म्हणून आमच्याकडचे लोक वर्षानुवर्षं तिथे चालेल असा बाहेरचा कागद काढत आले. मात्र कोण कुणाचा परवाना मानतं ही यादी बदलत असते. निघायच्या आदल्या रात्री त्या राज्याच्या सरकारी पानावर जाऊन बघ. मित्रानं गेल्या वर्षी सांगितलेलं धरून चालू नकोस.

दोन्हीतला कुठला, तर तुझ्या जागी मी युटाचा काढीन. युटाचा प्रमाणित प्रशिक्षक इथेच वर्ग घेतो, त्याच्या सहीशिक्क्याचा अर्ज, बोटांचे ठसे, फोटो आणि लायसन्सची प्रत पाठवायची. मुदत पाच वर्षं. तुझं राज्य युटाचा परवाना मानत असेल तर युटा आधी घरच्या राज्याचा परवाना मागतं. ही अट २०११ पासूनची. फ्लोरिडाचा सात वर्षं चालतो आणि तो देतं तिथलं कृषी खातं! संत्री आणि पिस्तुलं एकाच खात्यात. मी पहिल्यांदा पाकीट बघितलं तेव्हा बियाण्यांची जाहिरात समजून बाजूला ठेवलं होतं.

ठशांचं मात्र मनावर घे. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्याची बोटं हिवाळ्यात कोरडी पडतात, रेषा उमटत नाहीत आणि कार्ड परत येतं. माझं एकदा आलं. दीड महिना वाया गेला आणि पुन्हा नव्यानं शाई. आठवडाभर आधीपासून रात्री हातांना व्हॅसलीन लावून झोप, ठसे द्यायच्या दिवशी मात्र हात स्वच्छ, कोरडे ठेव.

हॉटेलच्या हॉलमध्ये वर्ग घेणारे प्रशिक्षक मोठा रंगीत नकाशा लावतात. ‘हा एक परवाना, तीसहून जास्त राज्यं!’ त्या नकाशाकडे जरा तिरकं बघायचं. आज देशातल्या निम्म्याहून जास्त राज्यांत परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. ती सगळी राज्यंही त्या नकाशात हिरवी रंगवलेली असतात. कोलोरॅडो आणि मिशिगन परराज्याचा परवाना मानतात, पण परवानाधारक त्या परराज्यातच राहणारा हवा. म्हणजे युटाचा कागद घेऊन फिरणारा पेनसिल्व्हेनियाचा माणूस तिथे त्या कागदावर उभा राहू शकत नाही. इलिनॉय तर बाहेरचा कुठलाच मानत नाही.

आणखी एक गोष्ट त्या हॉलमध्ये घाईत उरकतात. शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक नेण्यावर केंद्रीय बंदी आहे. परवानाधारकाला सूट आहे, पण ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्यानं दिलेला परवाना असेल तर. तुझी बहीण ओहायोत, कोलंबसला राहते. ओहायो तुझा पेनसिल्व्हेनियाचा परवाना मानतं, म्हणून तिथल्या कायद्यानं तू ठीक. पण भाच्याला शाळेत सोडायला जाशील तेव्हा केंद्रीय कायद्याच्या दृष्टीनं तुझा परवाना नसल्यात जमा. ज्या राज्यात वरचेवर जातोस त्या राज्याचा स्वतःचा परवाना मिळत असेल तर तो काढण्याला खरा अर्थ इथे आहे.

आता न्यू जर्सी. यावर जरा थांबतो, कारण तुझं अर्धं आयुष्य तिथल्या एडिसनला जातं: किराणा, डोसा, मंडळाची नाटकं, सासूबाईंची मैत्रीण. न्यू जर्सी कुठल्याच दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाही. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण बाई, दोन मुलांची आई, अटलांटिक काउंटीत गाडी चालवत होती. पोलिसानं वाहतुकीच्या साध्या कारणासाठी थांबवलं. तिनं स्वतःहून सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा पेनसिल्व्हेनियाचा परवाना. तिला वाटलं, परवाना आहे म्हणजे झालं. तिला अटक झाली आणि किमान साडेतीन वर्षांची सक्तीची शिक्षा डोक्यावर टांगली गेली. पुढे २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी माफी दिली. तुझ्या वेळी गव्हर्नरला सवड असेलच असं नाही.

माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी गणपतीला आम्ही एडिसनला निघालो होतो. सकाळी मी रेंजवर गेलो होतो, घरी आल्यावर कुर्ता चढवला, पण कमरेचं पिस्तूल, होल्स्टरसकट, काढायचं राहिलं. टर्नपाइकच्या हायवेवर डेलावेअर नदी जवळ आली, पलीकडे न्यू जर्सी. मी सीटवर जरा सरकलो आणि बरगडीखाली ते टोचलं. एवढंच. हात गार पडले. पुलाच्या अलीकडे ब्रिस्टलची एक्झिट आहे, तिथे वळलो आणि घरी परत. पुन्हा निघून पोचेपर्यंत आरती झालेली, मोदक संपलेले. तुझी काकू जातानाही बोलली नाही आणि येतानाही. त्या दिवसापासून दाराजवळच्या किल्ल्यांच्या खुंटीवर मी एक चिठ्ठी लावलीय, ‘नदी?’ बघितली असशील. पाहुण्यांना ती कविता वाटते.

एडिसनला बाळगायचंच असेल तर न्यू जर्सीचा परवाना काढ. २०२२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टात ब्रुएन खटल्याचा निकाल लागला, घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा हक्क मानणारा, तेव्हापासून तो बाहेरच्यांनाही प्रत्यक्षात मिळू शकतो. फी दोनशे डॉलर, मुदत दोन वर्षं, नात्यात नसलेल्या चार जणांची नावं, शिवाय नेमबाजीची परीक्षा. मेरीलँडही बाहेरच्यांना स्वतःचा परवाना देतं, पण १६ तासांचं प्रशिक्षण मागतं. माझं मत विचारशील तर डोसा खायला जाताना पिस्तूल घरी ठेव.

‘पण काका, प्रवासात संरक्षण देणारा केंद्रीय कायदा आहे ना?’ आहे, १९८६ चा. पण तो बंदूक वाहून नेण्यापुरता आहे, कमरेला लावण्यासाठी नाही. जिथून निघालास आणि जिथे चाललास त्या दोन्ही ठिकाणी ती बाळगणं कायदेशीर हवं. मधल्या राज्यात ती रिकामी, हाताला न लागणारी, ट्रंकमध्ये. ट्रंक वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटीत, आणि ग्लोव्ह कंपार्टमेंट ही पेटी धरत नाहीत. २००५ मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका गृहस्थाचं न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचं विमान चुकलं. विमान कंपनीनं बॅग त्याच्या हातात दिली, तो ती घेऊन रात्री हॉटेलात राहिला आणि सकाळी चेक-इन करताना नियमाप्रमाणे सांगितलं की बॅगेत पिस्तूल आहे. तिथेच अटक. पुढे गुन्हा मागे घेतला गेला, पण त्यानं भरलेल्या दाव्यात २०१० मध्ये अपील कोर्टानं त्याच्या विरुद्ध निकाल दिला: रात्रभर बॅग हाताशी होती, म्हणून संरक्षण नाही. नेवार्कहून प्रवास असेल तर पिस्तूल नेऊच नकोस, हे मी त्या निकालावरून ठरवलं.

किरकोळ दोन गोष्टी. परराज्याचा परवाना मिळाला म्हणून तिथे हँडगन विकत घेता येत नाही. ती आपल्याच राज्यातून घ्यावी लागते. आणि दुकानातल्या फॉर्मवर गांजाबद्दल विचारतात, तिथे ‘आमच्या राज्यात औषधाचं कार्ड मिळतं’ हे उत्तर चालत नाही, केंद्राच्या लेखी तो अजून बेकायदाच आहे. अटकेबद्दल विचारलं असेल तर कॉलेजातलं भांडणसुद्धा लिही. खोटं लिहिलेलं नागरिकत्वाच्या मुलाखतीत वर येतं.

आता घरातलं, ज्याबद्दल तू विचारलं नाहीस. आई-बाबा मेमध्ये येतायत ना? ते व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे मघाची बंदी त्यांनाही लागू. सेफचा नंबर त्यांना सांगायचा नाही, ‘असू दे, इमर्जन्सीला’ म्हणूनही नाही. तुझ्या बाबांना हौस आहे, मला माहीत आहे, पण त्यांच्या हातात पिस्तूल देऊन फोटो काढू नकोस. आणि सेफचा नंबर पोरीची जन्मतारीख ठेवू नकोस. मी तुझ्याकडे जेवायला आलो होतो तेव्हा फ्रिजवर तीच तारीख चिकटवलेली होती, आणि वायफायचा पासवर्डही तोच.

आता रेंजला नेतोस ती निळी बॅग, बाजूला दोन खण असलेली, ती गेल्या डिसेंबरात तू सांगलीला घेऊन गेला होतास. या वेळी नको. अमेरिकेहून निघालेल्या बॅगेच्या अस्तरात एक काडतूस राहून जातं, आणि भारतात विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात. माणसं पुढे कोर्टात सुटतात, कारण जाणूनबुजून ताबा नव्हता हे दाखवता येतं, पण तोवर सुट्टी संपलेली असते आणि पासपोर्टची काळजी लागलेली असते. ती बॅग फक्त रेंजसाठी ठेव आणि तिच्यावर मार्करनं तसं लिही.

रविवारी ये. शेरीफच्या अर्जाची छापील प्रत मी काढून ठेवतो. येताना ती बॅगही आण, खण उलटे करून माझ्यासमोर झटक.

तुझा,
काका